बंधाऱ्याखालचें गांव

कोणास टपालाचीं तिकिटें जमविण्याचा छंद असतो, कोणास जुनीं नाणीं. कोणी फुलपांखरांच्या मागें रानोमाळ हिंडतो, तर कोणी क्रिकेटच्या धांवा पाठ करण्यांत धन्यता मानतो. माझा छंद जरा ओला आहे. आमच्या रत्नागिरीस मिऱ्या येथें समुद्राच्या काठानें काळ्या धोंड्यांचा जो लांबलचक बंधारा घातलेला आहे, त्याच्या पायथ्याशीं कमरेएवढ्या, फार तर दीड पुरुष खोल पाण्यांत बुडी मारून, तेथें राहणाऱ्या प्राण्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं, असा हा छंद आहे. "या वेडापासून लाभ तो काय?" असें मला पुष्कळांनीं विचारलें आहे. त्याचें उत्तर या लेखांत देण्याचा विचार आहे. परंतु त्याबरोबर एका चुकीची कबुलीहि द्यावयाची आहे, आणि खरें सांगावयाचें तर लेखणी हातीं घेण्याचें मुख्य कारण ती कबुलीच होय.

मिऱ्याचा किनारा ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें स्थलवर्णन करणें अवश्य आहे. रत्नागिरीच्या भगवती किल्ल्याच्या एका अंगास काळ्या वाळूचा समुद्र व दुसऱ्या अंगास पांढऱ्या वाळूचा. गांवांतील लोक त्यांस 'काळा समुद्र' आणि 'पांढरा समुद्र' असेंच म्हणतात. पांढऱ्या समुद्राच्या कडेकडेनें उत्तरेकडे चालत गेलें म्हणजे मिऱ्या लागतें. आमचें घर तेथलें. आजोबा सांगतात कीं, त्यांच्या लहानपणीं घरापुढें खळें, खळ्यापुढें माडांची वाडी, वाडीपुढें शुभ्र पुळण आणि त्यापुढें समुद्र, असा क्रम होता. सकाळीं पुळणीवर रापण ओढली जाई. लहानथोर सारे दोरास लागत, आणि मासळीची वांटणी वाळूवरच होई. पुढें समुद्र पुळण खाऊं लागला. एका पावसाळ्यांत दोन माड गेले, दुसऱ्यांत पांच गेले, आणि एका रात्रीं तर भरतीचें पाणी थेट पडवींत शिरलें. आजीनें चुलीवरचें भांडें तसेंच टाकून मुलांना डोंगराकडे नेलें. सकाळीं येऊन पाहतात तों पडवी नाहींशी झालेली, पुढची भिंत कोसळलेली, आणि देव्हाऱ्यापासून धान्याच्या कणगीपर्यंत घराचें सारें पोट उघडें पडलेलें!

त्यानंतर घर मागें हटवून बांधलें. किनाऱ्यास धोंड्यांचा बंधारा आला. तो खचला, त्यांत पुन्हां भर पडली, पुन्हां खचला. अलीकडे कांहीं भागांत सिमेंटचे चार पायांचे प्रचंड ठोकळे, ज्यांस टेट्रापॉड म्हणतात, तेहि रचले आहेत. उरलेली जमीन या धोंड्यांमुळें राहिली, हें आजोबा नाकारीत नाहींत. परंतु रापण ओढावयास पुळण राहिली नाहीं, आणि धोंड्यांत जाळें टाकावें तर तें फाटतें. "धोंड्यांनीं दर्याला अडवलें कीं नाहीं तें दर्याच जाणे, मला मात्र अडवलें," असें ते म्हणत. पडवींत बसून ते लाटांचा आवाज ऐकत. पण बंधाऱ्यावर चढून पलीकडे पाहण्यास ते कित्येक वर्षांत गेले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत माझे मामा मुंबईहून आले, ते माझ्यासाठीं पाण्यांत चालणारा एक लहानसा कॅमेरा घेऊन आले. त्याबरोबर डोळे व नाक झांकणारी कांचेची मुखपट्टी आणि तोंडांत धरावयाची श्वासनलिका हींहि होतीं. हवेचें नळकांडें पाठीस बांधून खोल जाणें हें रीतसर शिक्षण घेतलेल्यांचें काम. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत तारकर्लीस तसें शिक्षण मिळण्याची सोयहि आहे. मला तें शिक्षण नाहीं, आणि माझ्या छंदास त्याची गरजहि नाहीं. पृष्ठभागावर पालथें तरंगत राहावें, खालीं कांहीं हललें कीं छाती भरून श्वास घ्यावा, बुडी मारावी, मनांत तीसपर्यंत आंकडे मोजावे आणि वर यावें, एवढीच माझी विद्या. माझ्या काकांनीं या गोष्टीस संमति दिली ती तीन अटींवर. एकट्यानें पाण्यांत उतरावयाचें नाहीं, ही पहिली. कमरेस दोर बांधावयाचा आणि त्याचें दुसरें टोंक धोंड्यावर बसलेल्या वडील मनुष्याच्या हातीं असावयाचें, ही दुसरी. शिमग्यानंतर वारा वाढूं लागला कीं दिवाळी होईपर्यंत पाण्याचें नांव काढावयाचें नाहीं, ही तिसरी. आमच्या राज्यांत १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती जशी मासळीच्या विणीसाठीं, तशीच माणसांच्या जिवासाठीं असते. जेथें मोठमोठ्या नौका मिरकरवाड्याच्या बंदरांत नांगरून पडतात, तेथें माझी काय कथा!

छंद लागला तेव्हां मला वाटे कीं, कॅमेरा चांगला असला म्हणजे चित्र चांगलें येतें. प्रत्यक्षांत मला प्रथम शिकावें लागलें तें पंचांग. पौर्णिमा-अमावास्येस समुद्रास उधाण येतें. आमच्या किनाऱ्यावर त्या दिवशीं भरती दुपारीं बाराच्या सुमारास असते आणि सकाळीं व सायंकाळीं ओहोटीचें पाणी फार मागें हटतें. पुढें रोज ही वेळ सुमारें पन्नास मिनिटें उशीरा येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. पाणी थोडेंच चढतें, थोडेंच उतरतें, ओढ मंदावते व गाळ तळाशीं बसतो. म्हणून उधाणाच्या ओहोटीस उघड्या पडलेल्या धोंड्यांतून पायीं हिंडावें, आणि भांगाच्या दिवसांत बुडी मारावी, असा नियम मीं केला. तोहि दिवाळीनंतर माघापर्यंत, आणि तोहि सकाळींच. पहांटेचा मतलई वारा पडतो व दुपारचा खारा वारा सुटावयाचा असतो, तेवढ्या दोन-तीन घटकांत समुद्र कांचेसारखा स्थिर असतो. हें सारें ज्ञान आजोबांना बोटांवर होतें. मी तें पुस्तकांत शोधीत होतों, आणि पुस्तक पडवींत बसलेलें होतें!

तरीहि माझीं पहिलीं शंभर-सव्वाशें चित्रें टाकाऊ निघालीं. पाण्यांतून येतांना प्रकाशाचे रंग एकेक करून गळतात. तांबडा सर्वांआधीं जातो. चार-पांच मीटर पाणी ओलांडीपर्यंत त्याचें बहुतेक तेज संपतें, आणि मग लाल खेकडाहि मातकट दिसूं लागतो. शिवाय मुखपट्टीच्या कांचेंतून पाहतांना वस्तु आहे त्याहून सुमारें एकतृतीयांश मोठी व चतुर्थांशानें जवळ भासते; त्यामुळें हात पुढें करावा तो मासा हातभर पलीकडेच असतो. अंधार वाटला म्हणून मीं कॅमेऱ्याचा दिवा पेटवला, तर पाण्यांतील गाळाचे कणच उजळले, आणि माशाच्या अंगावर कोणी भाताचा कोंडा उधळला आहे असें चित्र आलें. यावर उपाय एकच: जवळ जावें, आणि मग आणखी जवळ जावें. मध्यें पाणी जितकें थोडें तितकें चित्र स्वच्छ. पण जवळ जावयाचें तर जवळ येऊं दिलें पाहिजे. आणि तें माशाच्या मनावर असतें. हात-पाय न हालवितां, दोराच्या आधारानें, धोंड्याशेजारीं दुसऱ्या धोंड्यासारखें पडून राहावें. पांच-दहा मिनिटांनीं समुद्र तुम्हांस विसरतो, आणि मग आंतले रहिवासी बाहेर येऊं लागतात.

या कामांत धीर सुटूं लागला म्हणजे मी लुई बुताँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाचें स्मरण करीत असें. त्यानें १८९३ सालीं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर बान्यूल्स येथें समुद्राखालीं छायाचित्रें घेतलीं. अवजड पेटींत बंद केलेला कॅमेरा तळाशीं ठेवून, पाणबुड्याचा जड पोषाख घालून, एकेका चित्रासाठीं त्यास अर्धाअर्धा तासपर्यंत प्रकाश द्यावा लागे. पुढें १९२६ सालीं अमेरिकेंत फ्लोरिडाजवळ लाँग्ली व मार्टिन या दोघांनीं पाण्याखालचें पहिलें रंगीत चित्र घेतलें. त्यांनीं तर प्रकाशासाठीं तराफ्यावर मॅग्नेशियमच्या पुडीचा भडका उडविला. त्यांच्या मानानें माझे श्रम ते काय?

आतां त्या धोंड्यांतील वस्तीकडे वळूं. अगदीं वरच्या बाजूस, जेथें भरतीचें पाणी जेमतेम पोंचतें, तेथें पांढऱ्या चुन्याच्या इवल्या शंकूंची दाटी असते. अनवाणी चालणाऱ्याचे पाय सोलतात ते यांनींच. यांस बार्नेकल म्हणतात. हा खेकड्यांचा दूरचा आप्त. बाळपणीं पाण्यांत स्वैर पोहतो, आणि एकदां जागा पसंत पडली कीं डोकें खडकास चिकटवून, भोंवतीं चुन्याचें घर बांधून, पायांनीं अन्न ओढून घेत जन्मभर तेथेंच राहतो. त्याच्या खालीं कालवें व शिनाणे. त्यांच्या खालीं हिरव्या-तपकिरी शेवाळाचे झुबके व समुद्रफुलें. पाणी उतरलें कीं समुद्रफूल मांसल गोळ्यासारखें आकसतें, आणि पाणी आलें कीं शेवंतीसारखें उमलतें; परंतु त्याची प्रत्येक पाकळी विषारी कांट्यांनीं भरलेली असते. दुसऱ्याच्या शंखांत बिऱ्हाड करणारे खेकडे तर जागोजागीं. एक मोठा शंख रिकामा झाला कीं त्यांच्यांत घरें बदलण्याची गडबड उडते. बोटाएवढा एक मासा धोंड्याच्या भोंकांतून फक्त तोंड बाहेर काढून पाहत असतो. त्याचें कपाळ इतकें चिंताग्रस्त दिसतें कीं, परीक्षेच्या दिवशींची आमची सारी इयत्ता आठवते. पिवळसर अंगावर पांच काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा धोंड्यांच्या खिंडीखिंडींतून फिरतो. टेट्रापॉडांच्या गाभाऱ्यांत तांबोशीचीं व गोबऱ्याचीं पिलें लपलेलीं असतात. एकदां मीं ज्यास शेवाळलेला दगड समजून हात टेकणार होतों, त्यानें डोळा उघडला, रंग बदलला, आणि आठ पाय गोळा करून तो फटींत नाहींसा झाला. त्याचें चित्र मिळालें नाहीं. पण त्याचें मला मुळींच वाईट वाटत नाहीं, कारण त्यानें माझ्याकडे पाहिलें, हें मला पुरेसें आहे.

चित्रें बरीं येऊं लागलीं तशी मी संध्याकाळीं तीं आजोबांना दाखवूं लागलों. प्रथम ते उदासीन होते. "धोंड्यांत काय असणार?" म्हणत. पण एके दिवशीं केंडाचें चित्र पाहून ते हंसले, आणि तो रागावला म्हणजे अंग कसें फुगवतो, जाळ्यांत आला तर त्यास कोणी कां खात नाहीं, हें सांगूं लागले. पुढें तो क्रमच पडला. मी शास्त्राच्या पुस्तकांतून नांव काढीत असें, आणि आजोबा दर्यावरचें नांव सांगत. दोन्हीं मीं वहींत शेजारीं शेजारीं लिहून ठेवलीं आहेत. पांच पट्ट्यांच्या माशाला मात्र त्यांनीं नांव दिलें नाहीं. "जो जाळ्यांत येत नाहीं, बाजारांत जात नाहीं, त्याला नांव कोण ठेवणार?" असें ते म्हणाले. या एका वाक्यांत मला मोठा धडा मिळाला. आपण ज्यांचा उपयोग करतों त्यांनाच नांवें ठेवतों. बाकीचे सारे आपल्या शेजारीं राहूनहि बिननांवाचे राहतात.

परंतु ही वस्ती या धोंड्यांत आली कशी? हे धोंडे तर मनुष्यानें डोंगर फोडून आणून टाकलेले. याचें उत्तर मला एका धोंड्यानेंच दिलें. मागील पावसाळ्यांत बंधाऱ्यावरून निसटून पाण्यांत पडलेला एक नवा धोंडा मीं दिवाळीनंतर हेरून ठेवला, आणि दर भांगास त्याचें एकाच जागेवरून चित्र घेतलें. प्रथम त्यावर बुळबुळीत थर आला. तो सूक्ष्म जंतूंचा व डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पतींचा असतो. मग हिरवी लव. मग बार्नेकलचे ठिपके. मग एक कालव, आणि त्याच्या आडोशास एक खेकडा. समुद्राच्या पाण्यांत असंख्य जीवांचीं पिलें निराधार वाहत असतात. त्यांस हवी असते ती पाय रोवण्यापुरती कठीण जागा. जेथें तळ वाळूचा किंवा चिखलाचा, तेथें एक धोंडा म्हणजे ओसाड माळावरील धर्मशाळाच.

या तत्त्वावरच कृत्रिम भित्तिका बांधतात. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें केरळ व तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर सिमेंटच्या पोकळ आकृति मुद्दाम समुद्रांत सोडून माशांना घरें करून दिलीं आहेत. आपल्या सिंधुदुर्गांत निवतीच्या खडकाजवळ एक निवृत्त युद्धनौका बुडवून जलतळाचें संग्रहालय करण्याची योजना आंखण्यांत आली, आणि त्यासाठीं १९८५ सालीं नौदलांत आलेली व जानेवारी २०२४ मध्यें निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका २०२५ सालीं महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हवालीं झाली. आमच्या मिऱ्यास तर असें जहाज न बोलावतां आलें होतें! ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळांत 'बसरा स्टार' नांवाचें जहाज भरकटत येऊन बंधाऱ्याजवळ लागलें. त्यावरील खलाशी वांचले, पण जहाज पुढें कित्येक वर्षें तेथेंच रुतून राहिलें, आणि पर्यटकांच्या चित्रांचा विषय झालें.

मात्र समुद्रांत कांहींहि टाकलें म्हणजे तें घर होतें, असें समजूं नये. अमेरिकेंत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९७२ सालीं सुमारें वीस लाख टाकाऊ टायर एकत्र बांधून मोठ्या हौसेनें पाण्यांत सोडले. त्यांवर फारसें कांहीं रुजलें नाहीं. बांधलेले पट्टे गंजून तुटले, टायर वादळांत मोकाट लोळूं लागले, आणि जवळच्या खऱ्या प्रवाळांवर आदळून त्यांचा चुराडा करूं लागले. पुढें पाणबुडे लावून ते बाहेर काढावे लागले. कृत्रिम भित्तीनें मासे खरोखर वाढतात, कीं इकडचे तिकडे गोळा होऊन केवळ पकडावयास सोपे होतात, याविषयीं विद्वानांत अद्याप वाद आहे. मनुष्य फार तर ओटा घालतो. त्यावर कोण राहावयास येईल व कोण टिकेल हें समुद्र ठरवितो.

आतां त्या कबुलीकडे येतों. गेल्या वर्षीं या वार्षिकाच्या संपादक मंडळानें मला एखादें उत्तम चित्र देण्याविषयीं सुचविलें. माझी छाती फुगली. असें चित्र द्यावें कीं पाहणारानें तोंडांत बोट घालावें, या एका विचारानें मला पछाडलें. माघी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशीं सकाळीं आठच्या सुमारास पाणी पुष्कळ ओसरलें होतें. काका धोंड्यावर बसले होते. मी बंधाऱ्याच्या पायथ्याशीं ताटाएवढी एक चपटी शिळा उचलून पाहिली, तों तिच्या खालच्या अंगास एक सुंदर कवडी! जिवंत कवडी ज्यांनीं पाहिली नसेल त्यांना सांगतों कीं, बाजारांतील कवडी हें तिचें नुसतें हाड होय. जिवंतपणीं ती आपल्या चकचकीत पाठीवर मऊ, तंतुदार शालीसारखें कातडें पांघरून असते. ही कवडी जागची हालली नाहीं. कारण तिच्या खालीं साबुदाण्याहून बारीक अशा फिकट पिवळ्या अंड्यांचा पुंजका होता, आणि ती त्यावर बसून होती. कवडीची मादी अशीच बसून अंडीं राखते, हें मीं वाचलें होतें. पाहिलें मात्र नव्हतें.

शिळेखालीं उजेड पुरेना, म्हणून मीं ती उलटी करून उन्हांत ठेवली. पुढून, मागून, बाजूनें अशीं सत्तावीस चित्रें घेतलीं. कवडीनें आपली शाल आंखडून घेतली, पण जागा सोडली नाहीं. तेवढ्यांत काकांनीं हांक मारली. मी आनंदानें उड्या मारीत वर आलों आणि घरीं गेलों. शिळा तशीच राहिली.

संध्याकाळीं तें चित्र आजोबांना दाखवलें. त्यांनीं चष्मा पुसून पुष्कळ वेळ पाहिलें. "आई आहे," ते म्हणाले. आणि मग सहज विचारलें, "धोंडा पुन्हां पालथा घातलास ना रे?"

मीं उत्तर दिलें नाहीं. बाहेर काळोख झाला होता. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं ओहोटी नवाच्या सुमारास होती. शाळा बुडवून मी काकांबरोबर गेलों. शिळा होती तशीच आकाशाकडे तोंड करून पडलेली होती. कवडी नव्हती. अंड्यांपैकीं बहुतेक माशाखेकड्यांनीं टिपून नेलीं असावींत. उरलीं होतीं तीं सुकून भिंतीवरील चुन्याच्या डागासारखीं झालीं होतीं. शिळेच्या त्याच बाजूस चिकटलेले दुसरेहि कित्येक लहान जीव, ज्यांकडे चित्र घेतांना मीं लक्षहि दिलें नव्हतें, वाळून गेले होते. मीं शिळा पालथी घातली. पण आतां तिच्याखालीं कोणी राहिलें नव्हतें.

घरीं येऊन मीं आजोबांना सारें सांगितलें. ते रागावतील असें वाटलें होतें, आणि रागावले असते तर बरें झालें असतें. ते बराच वेळ समुद्राच्या दिशेनें पाहत राहिले, आणि म्हणाले, "त्या रात्रीं आपलें घर असेंच उघडें पडलें होतें, बाळा. दर्याला मी अजून बोल लावतों. पण दर्याला काय कळत होतें? तुला कळत होतें."

यानंतर कांहीं बोलणें झालें नाहीं.

तें चित्र माझ्या सर्व चित्रांत उत्तम आहे, हें मी विनयाचा भंग करूनहि सांगूं शकतों. तें या वार्षिकांत दिलेलें नाहीं. संपादक मंडळास मीं केंडाचें एक साधें चित्र दिलें. कवडीचें चित्र माझ्या वहींत आहे, आणि त्याखालीं मीं दोनच शब्द लिहिले आहेत: 'माझी चूक.'

तेव्हांपासून मीं कांहीं नियम पाळतों, ते या छंदाकडे वळूं इच्छिणाऱ्या मित्रांसाठीं देतों. पाण्यांत एकट्यानें जाऊं नये, आणि पावसाळ्यांत तर मुळींच जाऊं नये. जो जीव ओळखीचा नाहीं त्यास स्पर्श करूं नये. कांहीं सुंदर शंखांचा दंशहि प्राणघातक असतो. उचललेला धोंडा प्रथम होता तसा ठेवावा आणि मगच कॅमेऱ्यांत काय आलें तें पाहावें. उचलल्यावांचून चालत असेल तर उचलूंच नये. कोणाहि प्राण्यास चित्रासाठीं बाटलींत, ताटलींत अथवा उन्हांत ठेवूं नये. शंख-प्रवाळ घरीं आणण्याचा मोह टाळावा. प्रवाळांस तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षणहि आहे. रिकामा शंखदेखील उद्यां एखाद्या खेकड्याचें बिऱ्हाड होणार असतो. चित्र न मिळाल्यास घरीं यावें. समुद्र उद्यांहि तेथेंच असतो.

"या वेडापासून लाभ तो काय?" या प्रश्नाचें उत्तर आतां देतां येईल. माझ्या चित्रांनीं कोणाचें पोट भरलें नाहीं, आणि आमची पुळण तर परत येणार नाहीं. परंतु ज्या धोंड्यांना आमच्या घरांत पांढऱ्या पायाचे समजत, त्यांच्या आड एक अख्खें गांव नांदतें आहे, हें आम्हांस कळलें. आपल्या संकटांतून उभ्या राहिलेल्या भिंतीच्या पलीकडच्या अंगास दुसऱ्या कोणाचें घर असूं शकतें, आणि तें घर आपल्या एका निष्काळजी हातानें मोडूं शकतें, हें समजणें हा लाभ लहान नव्हे.

या वर्षीं कार्तिकांत पहिल्या भांगास काका कामानिमित्त गांवीं नव्हते. मीं कॅमेरा पेटींतच ठेवला होता. सकाळीं पाहतों तों आजोबा खळ्यांत उभे, डोक्यास पंचा गुंडाळलेला, आणि हातांत दोर. मला कांहीं न बोलतां ते पुढें निघाले, हळूहळू बंधाऱ्यावर चढले, आणि एका सपाट धोंड्यावर समुद्राकडे तोंड करून बसले. दोराचें एक टोंक त्यांनीं माझ्या कमरेस स्वतः बांधलें; गांठ अर्थात् दर्यावर्द्याची होती. मीं बुडी मारली. वर येऊन श्वास घेतों न घेतों, तोंच त्यांनीं वरून विचारलें,

"काय रे, कोण कोण आहेत घरीं?"

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी